रिकाम्या डब्यांची रांग

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या आळीतल्या गिरणीसमोर रांग लागते ती माणसांची नव्हे, डब्यांची. कोणाची चकलीची भाजणी, कोणाचे लाडवांचे जाड बेसन, कोणाचे नुसते रोजचे गहू. डब्यावर खडूने नाव घातले, रांगेत ठेवला, की मालक घरी जायला मोकळा. ही रीत उत्तम आहे. परंतु दरवर्षी दोन-चार शहाणी माणसे असे करतात, की भाजणी अजून भाजायची असतानाच डबा मात्र रांगेत नेऊन ठेवतात. डबा रिकामा, जागा अडलेली. आमचा गिरणीवाला झाकण उघडून पाहतो आणि रिकामा डबा एका हाताने उचलून पायरीखाली ठेवतो. मागचा डबा पुढे सरकतो. संध्याकाळी रिकाम्या डब्याचे मालक येऊन भांडतात, गिरणीवाला त्यांच्याकडे न पाहता जाते चालवत राहतो.

ह्या गिरणीवाल्याची मला ह्या वर्षी फार आठवण झाली, आणि तीही कोठे? तर एका महासंगणकाच्या वापरकर्त्यांच्या मेळाव्यात.

हा मेळावा कोणत्या संस्थेने भरवला होता, हे मी सांगणार नाही. संस्थेची बदनामी करण्याचा माझा हेतू नाही, आणि दोष तिचा एकटीचा नाहीही. ज्या दोषाबद्दल मी लिहिणार आहे त्यातला मोठा वाटा आम्हा वापरकर्त्यांचा आहे, आणि त्यातला एक चांगला घसघशीत वाटा खुद्द माझा आहे. म्हणूनच हा लेख प्रथमपुरुषी एकवचनात लिहिण्याची हिंमत करतो.

घरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. मी एका महाविद्यालयात गणित शिकवतो आणि गेली सहा वर्षे यंत्राला मोडी लिपी वाचायला शिकवण्याच्या उद्योगात आहे. आपल्या दप्तरखान्यांत मोडीतले कोट्यवधी कागद पडून आहेत आणि ते सरळ वाचू शकणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजावीत अशी होत चालली आहेत. यंत्राला शिकवायचे म्हणजे त्याच्यापुढे हजारो पाने ठेवायची, त्यांचे बाळबोध रूपही ठेवायचे, आणि त्याने चूक केली की चूक मोजून त्याच्या आतले लक्षावधी आकडे किंचित इकडेतिकडे सरकवायचे. हे पुन्हा, पुन्हा, पुन्हा. एवढे गुणाकार साध्या संगणकाने करायचे म्हटले तर माझी सेवानिवृत्ती होईल, पण यंत्राची इयत्ता पहिली संपणार नाही. त्यासाठी जी जाती लागतात त्यांना जीपीयू म्हणतात. आम्ही बोलताना ‘कार्ड’ म्हणतो. एक कार्ड हजारो लहान लहान गुणाकार एकाच वेळी करते. अशी शेकडो कार्डे एका छताखाली एकत्र जोडली, की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनाचा महासंगणक झाला.

अशी कार्डे एकेका महाविद्यालयाने विकत घ्यावीत ही गोष्ट अशक्य आहे. म्हणून सरकार एकच मोठे यंत्र घेते आणि आम्ही सर्वजण दुरून, आपापल्या गावाहून, त्यावर आपले काम पाठवतो. काम पाठवताना चिठ्ठीत लिहायचे: मला कार्डे किती हवीत आणि किती वेळ हवीत. यंत्रातला एक कारकून (तोही एक प्रोग्रामच) ह्या चिठ्ठ्या रांगेत लावतो. तुमची पाळी आली की मागितलेली कार्डे तुमची. मुदत संपेपर्यंत ती दुसऱ्या कोणाला मिळत नाहीत. तुम्ही त्यावर दळण दळता की नुसता रिकामा डबा ठेवता, हे पाहणे त्या कारकुनाच्या नेमणुकीत बसत नाही.

असो. गेल्या वैशाखात ह्या यंत्राच्या वापरकर्त्यांचा मेळावा भरला. दीपप्रज्वलन झाले, शाल-श्रीफळ झाले. प्रत्येकाला एक पिशवी, तीत एक वही, एक पेन आणि एक पाण्याची बाटली मिळाली. मग भाषणे झाली. अमेरिकेने आपल्याला हवी ती यंत्रे देण्यात कशी खळखळ केली, त्यातून १९८८ साली पुण्यात सी-डॅक कशी उभी राहिली, आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ कसा तयार झाला, ही हकीकत अशा प्रत्येक समारंभात सांगितली जाते आणि ती सांगावीच. अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यात जन्मलेल्या मनुष्याने जगातल्या मोजक्या देशांना साधलेली गोष्ट पुण्यात करून दाखवली, ह्याचा अभिमान मलाही आहे. त्यानंतर पुण्याच्याच ‘परम सिद्धी-एआय’ने नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ वा क्रमांक मिळवला, ‘ऐरावत’ने जून २०२३ च्या यादीत ७५ वा मिळवला, हेही सांगून झाले. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

पुढे एकेक वापरकर्ता येऊन आपले यश सांगू लागला. एकाने छातीच्या क्ष-किरण चित्रांतून रोग ओळखला, एकाने पावसाचा अंदाज सुधारला, एकाने नवे औषधी रेणू शोधले. मी मोडीची तीन पाने दाखवली. सगळे काही यशस्वी. त्या दिवशी त्या सभागृहात कोणाचाही एकही प्रयोग फसलेला नव्हता. ज्याने चार दिवस प्रयोगशाळेत काढले आहेत त्याला हे ऐकून हसू यावे. परंतु आम्ही कोणीही हसलो नाही, कारण प्रत्येकाचीच पाळी यायची होती.

शेवटी पडद्यावर एक आकडा झळकला. यंत्र वर्षभर जवळजवळ पूर्ण भरलेले होते. पुन्हा टाळ्या. आणि मग, प्रश्नांसाठी राखलेल्या आणि भाषणांनी खाऊन टाकलेल्या पाऊण तासातून उरलेल्या सात-आठ मिनिटांत, मागच्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या.

त्या धुळ्याकडच्या एका लहान महाविद्यालयात शिकवतात. अहिराणी बोलणे यंत्राला ऐकून समजावे असा त्यांचा प्रयत्न आहे. त्यांनी विचारले, “यंत्र भरलेले होते म्हणजे कार्डे दिलेली होती, की कार्डे काम करीत होती?”

सभागृहात क्षणभर शांतता पसरली. व्यासपीठावरच्या गृहस्थांनी प्रश्न उत्तम असल्याचे सांगितले, त्यावर चहाच्या वेळी सविस्तर बोलू असेही सांगितले, आणि आभारप्रदर्शन झाले.

चहाच्या वेळी बाई एकट्याच खिडकीशी उभ्या होत्या. अडचणीचा प्रश्न विचारणाऱ्या माणसाभोवती चहाच्या वेळी जी जागा मोकळी होते, ती झाली होती. मी जाऊन बोललो. त्यांची हकीकत अशी: साक्री तालुक्यातल्या वृद्ध बायांच्या गोष्टी त्यांच्या एका विद्यार्थिनीने गावोगाव हिंडून ध्वनिमुद्रित केल्या. त्या मुलीची शिष्यवृत्ती संपायला महिना उरला असताना त्यांनी कामाची चिठ्ठी टाकली. मागणी किती? एक कार्ड, दोन रात्री. म्हणजे सुमारे चोवीस तास. अकरा दिवसांनी पाळी आली. पहिल्या तासातच काम बंद पडले, कारण नवख्या माणसाच्या हातून होते तशी एक क्षुल्लक चूक चिठ्ठीत राहिली होती. चूक दुरुस्त करायला पाच मिनिटे लागली. पण कामाला पुन्हा रांगेच्या शेपटाशी जावे लागले. आणखी नऊ दिवस गेले. तोवर दिवाळी उलटली, शिष्यवृत्ती संपली, मुलगी एका शाळेत नोकरीवर रुजू झाली. काम राहिले ते राहिले.

“दिवाळी उलटली” हे शब्द ऐकले आणि माझ्या हातातला चहा गार झाला.

गेल्या दिवाळीत वसुबारसेच्या संध्याकाळी मी माझे मोडीचे काम यंत्रावर लावून गावी गेलो होतो. आठ कार्डे, चार दिवस. जाण्याच्या गडबडीत पानांचा एक संच मी एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवला आणि प्रोग्रामला ते सांगायला विसरलो. प्रोग्राम बिचारा आज्ञाधारक. न सापडणारी पाने तो चार दिवस शोधत बसला. आठही कार्डे माझ्या नावे अडलेली आणि एकाही कार्डावर दळणाचा दाणा नाही. मी गावी अभ्यंगस्नान केले, फराळ केला, आणि परत येऊन पाहिले तेव्हा मनाशी म्हटले, ‘अरेरे, चार दिवस फुकट गेले’ आणि पुन्हा चिठ्ठी टाकली. माझे चार दिवस! माझ्या मनात दुसरा हिशेब आलाच नाही. आठ कार्डे, शहाण्णव तास: सातशे अडुसष्ट तास. बाईंच्या दोन रात्रींसारखी बत्तीस कामे त्यात झाली असती. त्या एका मुलीचे काम तर पहिल्याच रात्री सुरू झाले असते.

मी त्या खिडकीशी उभा राहून हे बाईंना सांगितले नाही. “फारच वाईट झाले” एवढे म्हणून मी दुसरा चहा आणायला गेलो.

आता भांडणाला येतो. मी जेव्हा जेव्हा हा विषय काढतो तेव्हा मला तीन उत्तरे मिळतात, आणि तिन्ही उत्तरे मला माहीत होती, कारण ती मीच पूर्वी दुसऱ्यांना दिलेली आहेत.

पहिले उत्तर: यंत्र लहान आहे, मोठे घ्या. घ्यावे, अवश्य घ्यावे. २०१५ साली राष्ट्रीय महासंगणन अभियानाला ४,५०० कोटी रुपये मंजूर झाले. मार्च २०२४ मध्ये ‘इंडिया-एआय’ मोहिमेला सुमारे १०,३७२ कोटी मंजूर झाले. इंग्लंडात ब्रिस्टल येथे जुलै २०२५ मध्ये ‘इझाम्बार्ड-एआय’ ह्या यंत्राचे उद्घाटन झाले. साडेबावीस कोटी पौंडांच्या त्या यंत्रात ५,४४८ चिपा आहेत. जगभर यंत्रे मोठी होत आहेत. परंतु धरण मोठे केल्याने शेपटाच्या शेतकऱ्याला पाणी मिळते, हा अनुभव महाराष्ट्राने कधी घेतला आहे काय? धरण मोठे झाले की वरच्या अंगाला ऊस वाढतो. आमच्या क्षेत्रात तर ऊस फारच झपाट्याने वाढतो: काल आठ कार्डांत भागत होते त्याला आज चौसष्ट लागतात, कारण चौसष्ट मिळू शकतात. रिकामा डबा उचलणारा कोणी नसेल तर गिरणीत दुसरे जाते बसवून फक्त रिकाम्या डब्यांची सोय होईल.

दुसरे उत्तर: मोठ्या कामाला मोठा वाटा मिळणारच. ह्यात तथ्य आहे आणि ते मी लपवणार नाही. काही कामांना शंभर कार्डे एकदमच लागतात. एकेक कार्ड शंभर दिवस देऊन ती होत नाहीत. त्यांच्यासाठी यंत्राचा मोठा भाग एकाच वेळी मोकळा करावा लागतो. पण ‘मोठे काम’ आणि ‘मोठी मागणी’ ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. माझे आठ कार्डांचे काम बाईंच्या एका कार्डाच्या कामापेक्षा आठपट मोलाचे होते काय? मोडीचे कागद दप्तरखान्यात आणखी पन्नास वर्षे थांबतील. साक्री तालुक्यातल्या त्या म्हाताऱ्या थांबणार नाहीत.

तिसरे उत्तर सर्वांत सुसंस्कृत आहे: ह्यासाठी नियम आहेत, यंत्र आपोआप न्याय करते. होय, करते. जो जास्त वापरतो त्याचा रांगेतला मान कारकून कमी करतो, आणि जुना वापर हळूहळू विसरतो. बुद्धीला पटणारी योजना आहे. परंतु ह्या न्यायाच्या तराजूत काय घालायचे, कोणत्या गटाला मुळात किती वाटा द्यायचा, आणि जुने पाप किती दिवसांत विसरायचे, हे आकडे माणसांनीच घातलेले असतात. कोणत्या माणसांनी? त्या आकड्यांवर मेळाव्यात एक शब्दही निघाला नाही. शिवाय ह्या न्यायाला फसवण्याची युक्ती प्रत्येक जुन्या वापरकर्त्याला ठाऊक असते. सहा तासांच्या कामाला आम्ही चार दिवस मागतो, ‘असू द्यावे हाताशी’ म्हणून. वस्तुतः आम्ही खरी वेळ सांगितली तर दोन मोठ्या कामांच्या मधल्या फटीत कारकून लहान कामे बसवू शकतो. आम्ही खोटी वेळ सांगितली की त्याला फटच दिसत नाही. नवखी माणसे खरे लिहितात आणि थांबतात. हा कायदा मोडणे नव्हे. म्हणूनच तो अधिक वाईट आहे.

मग उपाय काय? उपाय मला त्या बाईंनीच सांगितला, आणि तो त्यांनी संगणकशास्त्रातून आणलेला नव्हता.

त्यांचे आजोबा पांझरा नदीच्या एका बंधाऱ्यावर पाटकरी होते. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम ह्या नद्यांवर शेकडो वर्षांची फड पद्धत आहे. नदीला बंधारा घालायचा, पाट काढायचा, आणि पाटाखालच्या जमिनीचे बहुधा चार फड करायचे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. ज्याची त्याची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली. त्यामुळे पाणी कमी पडले आणि एखादा फड पडीक ठेवावा लागला, तर तोटा एकट्याचा होत नाही, सर्वांत वाटला जातो. पाणी सोडायचे काम शेतकऱ्याचे नव्हे, ते पाटकऱ्याचे. पाटकरी गावाने नेमलेला, राखणीला जागल्या गावाने नेमलेला, आणि तंटा झाला तर पंच गावाचे. हंगामापूर्वी सर्वांनी फावडी घेऊन पाट साफ करायचा. ज्याचे शेत शेपटाला आहे त्यानेही, आणि ज्याचे शेत तोंडाशी आहे त्यानेही.

दुसरे उदाहरण तर आपल्या डोळ्यांदेखतचे आहे. १९७२ चा दुष्काळ पाहून विलासराव साळुंखे नावाच्या इंजिनियराने पुरंदर तालुक्यात नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग केला. त्यांचा नियम असा, की पाणी जमिनीवर मोजायचे नाही, माणसांवर मोजायचे. दर माणशी अर्ध्या एकरापुरते पाणी, कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही त्यात हक्क. आणि ऊस लावायचा नाही. ज्याच्याजवळ वीस एकर आहेत त्याला ह्यात अन्याय वाटला असेल. वाटू द्या. पाणी त्याच्या वीस एकरांतून निघालेले नव्हते.

महासंगणकाचे कार्ड हे पाणीच आहे. ते माझ्या महाविद्यालयाने विकत घेतलेले नाही, माझ्या विद्वत्तेने निर्माण केलेले नाही. ते ज्या पैशातून आले त्यात साक्रीच्या त्या म्हाताऱ्यांनी काडेपेटीवर भरलेला करही आहे. आणि पाण्याशी एका बाबतीत त्याचे साम्य भयंकर आहे: आजचा न वापरलेला तास उद्यासाठी शिल्लक राहत नाही. न वाटलेले धान्य कोठारात राहते; न वापरलेला कार्डाचा तास पाटातून वाहून समुद्राला मिळतो, आणि वर विजेचे बिल ठेवून जातो.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच आहे, की वापरकर्त्यांचा मेळावा हा हळदीकुंकवाचा समारंभ न राहता पाटावरची सभा व्हावा. सत्काराला माझा विरोध नाही. एक शाल कमी झाली तर थंडी वाजणार नाही. त्या दिवशी चार गोष्टी व्हाव्यात. प्रत्येक गटाने, नावानिशी, भिंतीवर लावावे: वर्षात कार्डाचे किती तास घेतले आणि त्यांतले किती तास कार्ड खरोखर चालले. हे मोजता येते. कार्ड किती राबते आहे ते यंत्रच क्षणाक्षणाला सांगत असते, फक्त कोणी विचारत नाही. दुसरे, पाटकरी आमचा असावा. वाट्याचे आकडे ठरवणाऱ्या मंडळात वापरकर्त्यांनी निवडलेली माणसे असावीत आणि त्यांत लहान महाविद्यालयांची असावीतच. हे काही अद्भुत नाही. अमेरिकेत बर्कले येथे ऊर्जा संशोधनाचे जे राष्ट्रीय संगणन केंद्र आहे, ज्याचा आरंभ १९७४ साली झाला, त्याच्या वापरकर्त्यांचा स्वतःचा संघ आहे आणि त्याची कार्यकारिणी वापरकर्तेच निवडतात. तिसरे, भूमिहीनांचा वाटा. यंत्रावर पहिल्यांदाच येणाऱ्यासाठी काही कार्डे बाजूला ठेवावीत, जेणेकरून त्याची पहिली क्षुल्लक चूक त्याला पंधरा मिनिटांत कळेल, अकरा दिवसांनी नव्हे.

आणि चौथे, फावडी. वर्षभरात कोणता प्रयोग फसला, का फसला, हे प्रत्येकाने उभे राहून सांगावे. तुम्हाला वाटेल हा नुसता कबुलीजबाबाचा सोस आहे. तसे नाही. माझा जो प्रयोग फसला तोच प्रयोग मुंबईत एकाने, नागपुरात एकाने आणि बेळगावात एकाने पुन्हा करून फसवून घेतला असेल, तर त्या गाळाने पाट चार ठिकाणी तुंबला. पाट साफ करणे म्हणतात ते हेच.

माझे एक स्नेही ह्यावर म्हणाले, “चांगल्या दिवशी माणसांना चारचौघांत लाज आणायची, हे तुला शोभते का?” मी त्यांना विचारले, की दिवाळीआधी आपण घरे झाडतो तेव्हा कोपऱ्यातली जळमटे काढताना घराला लाज आणत असतो काय? झाडून झाल्यावरच दिवा लावायचा असतो. आधी दिवा लावला तर जळमटे तेवढी अधिक स्पष्ट दिसतात.

आता उरलेली हकीकत. मेळाव्यानंतर दोन आठवडे मी काहीच केले नाही. मग एका रविवारी धीर करून बाईंना फोन लावला आणि आठ कार्डांची, चार दिवसांची, सातशे अडुसष्ट तासांची सगळी कथा सांगितली. त्या रागावतील असे वाटले होते. एका परीने त्यांनी रागवावे अशी इच्छाही होती, म्हणजे प्रकरण मिटले असते. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “सर, हे मला सांगून काय उपयोग? माझी मुलगी तर गेली नोकरीवर. पुढच्या मेळाव्यात माईक तुमच्याकडे असेल, तेव्हा उभे राहून सांगा. माझ्याकडे तो शेवटच्या सात मिनिटांत येतो.”

मी सांगेन असे त्यांना वचन दिले आहे. पुढच्या मेळाव्याचे निमंत्रण मला येईल की नाही, हे हा अंक बाहेर पडल्यावर ठरेल. न आले तर निदान हजारो घरांत हे वाचले गेले असेल, आणि त्या घरांतली कोणी मुले-मुली उद्या ह्या यंत्रावर आपला डबा घेऊन येतील.

ह्या वर्षी गावी निघण्यापूर्वी मी माझी चिठ्ठी दोनदा वाचणार आहे, पाने जागेवर आहेत की नाहीत ते पाहणार आहे, आणि शंका असेल तर काम काढून घेणार आहे. तेवढी चार कार्डे, चार दिवस, रांगेतल्या कोणाला तरी मिळोत. तो कोण, हे मला कधी कळणार नाही. गिरणीत माझ्या डब्यामागे कोणाचा डबा होता, हे तरी मला कोठे ठाऊक असते?